माहेरच्या पाण्यावरून दौंडला

बुद्धपौर्णिमेला म्हणून विठाबाई नवऱ्याबरोबर माहेरी आली आणि पावसानं तिला तिथंच धरून ठेवलं. मे महिन्यातला पाऊस कसा, संध्याकाळी वावटळ उठवणार, तासभर पत्रे वाजवणार, कुणाचा तरी उघड्यावरचा कांदा भिजवणार आणि निघून जाणार. यंदाचा पाऊस मात्र पाहुण्यासारखा वस्तीलाच राहिला. ऊन म्हणून दिसेना. अंगणात गवत उगवलं आणि उन्हाळा चालू आहे हे फक्त झाडावरच्या आंब्यांवरून कळत होतं.

विठाबाईचं माहेर शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठावर. सासर दौंडला, त्याच भीमेच्या काठावर. लग्नात ती रडत होती तेव्हा बाप म्हणाला होता, "रडती कशाला? तुझ्या गावावरनं आपलंच पाणी जातंय." पण पाणी सरळ जायचं आणि माणसानं जायचं ते न्हावऱ्याला वळसा घालून, चौफुल्याला गाडी बदलून, पाटसवरून. जन्मभर ती अशीच आली आणि गेली. ज्या नदीत ती लहानपणी पोहायला शिकली, ती नदी मधल्या वाटेत कशी दिसते हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पोपट भोई दारात आला. होडी पाण्यात ढकलायला त्याला विठाबाईचा भाचा सम्राट हवा होता. खाली उजनी धरणाच्या फुगवट्याला, खानोट्याला, पोपटचा मेहुणा मासे धरायचा. त्याच्याकडं होडी पोचवायची होती, आणि ट्रॅक्टरवर टाकून न्यावी तर शेतातल्या वाटा चिखलानं भरलेल्या.

"मंग तू दौंडावरनंच जाणार की," विठाबाई म्हणाली.

"दुसरीकडनं कुठनं जाऊ आक्का? नदीला बायपास न्हाई."

"मला घे."

सगळे हसले. ती हसली नाही. तिचा नवरा ज्ञानदेव ओट्यावर चहा पीत होता, त्यानं कप खाली ठेवला. निवृत्त होईपर्यंत तो राखीव पोलीस दलात ड्रायव्हर होता. मोठ्या गाड्या त्यानं घाटात, दंगलीत, पुरात चालवल्या होत्या, पण ज्याला ब्रेक नाही अशा वाहनावर त्याचा विश्वास नव्हता.

"येडी झालीस का? पाऊस बघ."

"पाऊस एसटीत बी गळतोय."

"मला पवता येत न्हाई."

"मला येतंय," विठाबाई म्हणाली. "तुम्ही या गाडीनं. मी फुडं जाऊन भाकरी टाकते."

ज्ञानदेव तासभर तणतणला. मग पायातले बूट काढून पिशवीत घातले, याचा अर्थ तो येणार होता. सम्राट रांजणगावच्या कंपनीत कामाला होता. त्यानं कंपनीतले दोन पिवळे रेनकोट आणून दिले, आणि आत्याच्या व तिच्या नवऱ्याच्या कमरेला तेलाचे रिकामे कॅन बांधले. पिवळा रेनकोट, त्यावर दोन्ही बाजूला लोंबणारे कॅन, असा ज्ञानदेव होडीत बसला तेव्हा काठावरची बायामाणसं तोंडाला पदर लावून उभी होती.

होडी पत्र्याची होती, वर छप्पर काही नाही. पोपट मागं बसून वल्हवायचा. जादा वल्हं ज्ञानदेवच्या मांडीवर होतं. ते त्यानं स्टेअरिंगसारखं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

होडी धारेला लागली. विठाबाईला आधी काय वेगळं वाटतंय ते कळेना. मग लक्षात आलं, मोटारी बंद आहेत. दोन्ही काठांवर उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारींची रांग, त्यांचे पाइप पाण्यात सोडलेले. एरवी रात्रंदिवस त्यांची घरघर चाललेली असते. पावसानं पाणी फुकट दिल्यावर सगळ्या गप्प झाल्या होत्या. लहानपणानंतर पहिल्यांदाच ती भीमेला बिनआवाजाची बघत होती. आवाज होता तो फक्त पावसाचा. पाण्यावर पडणारा पाऊस जमिनीवर पडणाऱ्या पावसासारखा वाजत नाही. प्रत्येक थेंब पडला की पाण्याचा एक बारका खिळा वर उठायचा, आणि असे खिळेच खिळे, नजर जाईल तिथवर. आभाळ आणि नदी एकाच रंगाची झाली होती. होडी पाण्यावरून चालली आहे की पावसातून, हे सांगता आलं नसतं.

काठही ओळखू येईना. रस्त्यावरून जाताना गावाचं तोंड दिसतं, कमानी, बोर्ड, पुढाऱ्यांचे फ्लेक्स. नदीकडून गावाची पाठ दिसत होती. घाटाच्या पायऱ्या, चिंचा, धुण्याचे दगड, स्मशानाचे पत्रे. कुठं एखादी म्हैस अर्धी पाण्यात उभी राहून त्यांच्याकडं बघायची. पुण्याची घाण वाहून आणणारं हे पाणी उन्हाळ्यात काळं पडतं, त्याला वास मारतो. पण इतक्या दिवसांच्या पावसानं ते धुतलं होतं. विठाबाईनं हात बुडवला आणि नाकाशी नेला. ओल्या मातीचा वास आला.

"किती मोठी हाय ओ," ती म्हणाली.

"कोण?"

"हीच. आपण आपल्याला दिसंल तेवढीच धरून चालतो."

वल्ह्यावरची ज्ञानदेवची पकड जरा सैल झाली.

दुपारच्या आधी बंधारा लागला. तिथं होडी उचलून काठानं पलीकडं न्यावी लागली. बंधाऱ्यावर माणसं पाणी अडवायचे लोखंडी ढापे काढत होती. त्यांनी हात लावला म्हणून होडी निघाली. त्यातला एक जण पोपटला म्हणाला, "वरच्या बंधाऱ्याचं ढापं काढल्यात. आमचं बी निघाल्यात. पाणी चढणार हाय, लांब जाऊ नको."

"चढू दे की. पाणी चढलं तर होडी बी चढंल," पोपट म्हणाला.

ज्ञानदेवनं विठाबाईकडं पाहिलं. इथून डांबरी सडक जवळ होती, तासाभरात काहीतरी गाडी मिळाली असती. पण विठाबाई आधीच होडीत बसून पाणी उपसायला लागली होती. तोही आत बसला.

बंधाऱ्याखाली नदी पसरट झाली. पाऊस वाढला. होडीत पाणी साठायला लागलं आणि डब्यानं उपसून आवरेना, म्हणून पोपटनं मधल्या एका वाळूच्या बेटाला होडी लावली. नदीतली वाळू उपसून उपसून संपली होती. हे बेट कसं वाचलं कोण जाणे. होडी कलती करून पाणी ओतायचं, पाय मोकळे करायचे आणि निघायचं, एवढाच बेत होता.

विठाबाई खाली उतरली आणि डोक्यावर एकदम किंकाळी फुटली. मान वर केली तर पांढऱ्या पाखरांचा थवाच्या थवा. काळी टोपी घातल्यासारखं डोकं, पिवळी चोच, लाल पाय, आणि शेपटी दुभंगलेली. पाखरं तिच्या डोक्यावर झेपा घालत होती. एकानं रेनकोटच्या टोपीवर चोच मारली.

"आक्का, हलू नका!" पोपट ओरडला. "पायाखाली बघा. कुरवांची अंडी हाईत."

तिनं पाहिलं आणि तिचा उचललेला पाय तसाच राहिला. नुसत्या वाळूत, ना काडी ना कापूस, जराशा खळग्यांत अंडी होती. वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. आणि वाळू जागोजाग श्वास घेत होती. ती पिल्लं होती. अंगाला अंग चिकटवून, पावसात डोळे मिटून, दगडासारखी बसलेली. जवळ जाऊनही दिसायची नाहीत. एखादं डोळा उघडायचं तेव्हाच कळायचं. कित्येक पिल्लांवर आया पंख पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरून पावसाचं पाणी ओघळत होतं.

"एवढी," ज्ञानदेव होडीतून हळूच म्हणाला. "एवढी इथं राहत्यात, आन् आपल्याला पत्ता न्हाई."

एक-एक पाऊल बघून टाकत विठाबाई मागं आली. पोपटनं होडी कलती केली, पाणी ओतलं. तेवढ्यात त्याचं लक्ष बेटाच्या टोकाकडं गेलं. मघाशी तिथं एक बाभळीचं वाळकं खोड पडलं होतं. ते आता पाण्यात तरंगत होतं.

"बसा," तो म्हणाला. "लवकर बसा. आलं पाणी."

पाणी लाट होऊन आलं नाही. ते नुसतं वर येत राहिलं, भांड्यात दूध चढावं तसं. बेट कडेकडेनं बारीक होत गेलं. आधी कडेचे खळगे बुडाले. अंडी काही पाण्याखाली गेली, काही वाळूसकट घरंगळली. आया उडाल्या आणि सगळं आभाळ ओरडायला लागलं.

विठाबाई उठून उभी राहिली. "आवं, पिल्लं! पिल्लं उचलू. होडीत घेऊ."

"किती घेणार? आन् घेऊन काय भरवणार त्यांस्नी?" पोपट म्हणाला. पण त्याचाही आवाज फाटला होता. त्यानं वल्हं वाळूत रोवून होडी तिथंच धरली, ती पुढं नेईना.

आता बेटाचा मधला उंचवटा तेवढा उरला होता. सगळी पिल्लं तिथं गोळा झाली होती. पाणी पहिल्या ओळीतल्या पिल्लांच्या पायाला लागलं. विठाबाईनं तोंडावर हात ठेवला, तिला बघवेना, आणि नजरही वळवता येईना.

तेव्हा एक पिल्लू पाण्यात शिरलं.

ते पडलं नाही, वाहून गेलं नाही. आपल्या पायानं चालत गेलं, पाण्यावर बसलं आणि तरंगायला लागलं. त्याच्या वर एक कुरव पंख फडफडवत, जवळ जवळ पाण्याला टेकून, ओरडत पुढं सरकत होता. पिल्लू त्या आवाजाच्या मागं निघालं. त्याच्यामागं दुसरं. मग दोन, मग दहा, मग मोजता येईना इतकी. ज्यांना अजून पंख नीट फुटले नव्हते ती कापसाच्या गोळ्यांएवढी पिल्लं एवढ्या मोठ्या चढत्या नदीत आपणहून उतरत होती. प्रत्येकाच्या माथ्यावर त्याचं माणूस होतं. त्या शेकडो ओरडण्यांतून आपल्या आईचा आवाज पिल्लाला कसा ओळखू येत असेल? पण येत होता. एकही पिल्लू दुसऱ्याच्या मागं जात नव्हतं.

बेट दिसेनासं झालं. पोपटनं वल्हं उपटलं आणि होडी त्या पिल्लांच्या बाजूनं, त्यांच्याच वेगानं, वाहायला लागली.

"देवा," ज्ञानदेव म्हणाला. जन्मात कधी देवाचं नाव न घेतलेला माणूस. लगेच त्यानं विठाबाईकडं पाहिलं, पण तिला ते ऐकूच गेलं नव्हतं.

सगळी काही वाचली नाहीत. एका भोवऱ्यात चार-पाच पिल्लं फिरली आणि परत वर आली नाहीत. त्यांच्या वरची पाखरं तिथंच घिरट्या घालत मागं राहिली. विठाबाई मान वळवून त्यांच्याकडं बघत होती. तेवढ्यात ज्ञानदेवच्या हाताशी एक पिल्लू आलं. दमलं होतं. डोकं एका बाजूला कलत होतं. ज्ञानदेवनं काही विचार केला नाही. मांडीवरचं वल्हं त्यानं पाण्यावर आडवं धरलं, पात पाण्याच्या जराशी खाली. पिल्लू त्यावर आदळलं, धडपडलं, आणि पातीवर चढून बसलं.

त्याची आई ज्ञानदेववर तुटून पडली. टोपीवर, खांद्यावर, हातावर चोची. बोटातून रक्त आलं. तो हलला नाही.

"आत घ्या," पोपट म्हणाला.

"नगं. आत घेतलं तर ती यायची न्हाई."

त्यानं हात तसाच लांब धरला. पाऊस त्याच्या बाहीतून आत ओतत होता. जड वल्ह्यानं दंड थरथरायला लागला, तसा त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. विठाबाईनं त्याच्या पाठीमागून कमरेला मिठी मारली, म्हणजे तो कलंडू नये. पिल्लाची आई लांब गेली. आता ती परत येत नाही असं वाटलं. मग ती पावसाच्या पडद्यातून सरळ खाली आली, चोचीत बोटभर चांदीचा मासा. होडीतल्या तीन माणसांकडं तिनं बघितलंही नाही. वल्ह्यावर क्षणभर हवेत थांबली, पिल्लाच्या तोंडात मासा दिला आणि वर उठली. पंखाचा वारा ज्ञानदेवच्या तोंडाला लागला.

ज्ञानदेव रडत होता की पाऊस होता, ते विठाबाईला मागून दिसलं नाही. तिच्या मिठीत त्याची पाठ मात्र हुंदक्यानं हलत होती.

चढत्या पाण्यानं वरची जलपर्णी तोडून आणली होती. तिचे हिरवे तुकडे, काही अंगणाएवढे, काही खोलीएवढे, नदीभर वाहत येत होते. या जलपर्णीला सगळा काठ शिव्या देतो. ती मोटारीत अडकते, डास करते, मासे मारते. त्यातला एक मोठा पट्टा फिरत फिरत पिल्लांमध्ये आला आणि पहिलं पिल्लू त्यावर चढलं. मग सगळीच त्याकडं वळली. पानांच्या देठांना धरून, घसरून, पुन्हा चढून, ती त्या हिरव्या गादीवर जाऊन बसली. वरची पाखरं ओरडायची थांबली, ती एकदमच. पुन्हा नुसता पाऊस ऐकू यायला लागला.

पोपटनं होडी पट्ट्याला भिडवली. ज्ञानदेवनं वल्ह्याची पात हळूच पानांवर टेकवली. पिल्लू थोडा वेळ तसंच बसून राहिलं. मग चालत उतरलं आणि बाकीच्यांत मिसळलं. त्यातलं ते कोणतं, हे पुढच्याच क्षणी सांगता येईना.

"आता धरून बसा," पोपट म्हणाला. "घोड आली."

डाव्या अंगानं घोड नदी भीमेला मिळत होती. तिकडंही वर पाऊस झाला होता. ती तांबडी लाल होऊन आली होती, आणि भीमा इकडून हिरवट करडी. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळेनात. एकाच पात्रात दोन नद्या शेजारी शेजारी धावत होत्या, मधे दोरी धरल्यासारखी रेघ. जलपर्णीचा पट्टा त्या रेघेवर गेला, एक संथ गिरकी घेतली आणि पुढं निघाला. वर पांढरी पाखरं, खाली हिरव्यावर बारकी ठिपक्याठिपक्यांची पिल्लं, एका बाजूला तांबडं पाणी, दुसऱ्या बाजूला करडं. पाऊस दाट झाला आणि ते सगळं त्यात मिटलं.

होडीला मात्र ओढीनं धरलं. पोपट एकटा वल्हवून पुरेना. विठाबाईनं नवऱ्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं, गुडघ्यावर बसली आणि पोपट सांगेल तसं पाणी मारायला लागली. डावीकडं. आता सोडा. पुन्हा डावीकडं. तिला भीती वाटायला हवी होती. नंतर तिनं आठवून पाहिलं, तेव्हा वाटली नव्हती. आपण फार मोठ्या कशाच्या तरी अंगावर बसलो आहोत आणि त्याला आपला राग नाही, एवढंच तिला वाटत होतं.

उजव्या काठावर एक माणूस बुडायला आलेली मोटार वर ओढत होता. त्यानं पिवळे कोट पाहिले आणि हातातला दोर तसाच त्यांच्याकडं फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा ज्ञानदेवनं झेलला आणि कमरेला गुंडाळून मागं रेलला. ड्रायव्हरचा पाय फळीवर असा रोवला गेला, जसा काही तिथं ब्रेकच होता. होडी गर्रकन वळली आणि उसात शिरली.

"काय वय हाय का हे? आँ? आत्महत्या करायची होती का?" काठावरचा माणूस ओरडला. आनंदराव त्याचं नाव, दौंडच्या अलीकडं नदीकाठी त्याचा ऊस होता. तिघं चिखलात बसून नदीकडंच बघत होती.

"पाव्हणं, बोला की काहीतरी. लागलं का कुठं?"

"पिल्लं," ज्ञानदेव म्हणाला. त्यानं हात लांब धरून दाखवला, वल्हं धरलं होतं तसा. "हितं बसलं होतं. आन् ती आली. माझ्यासमोर भरवलं तिनं त्याला."

आनंदरावानं विठाबाईकडं पाहिलं. पाव्हण्यांच्या डोक्याला मार लागला असावा असं त्याला वाटलं. त्यानं त्यांना वर गोठ्यात नेलं, शेकोटी केली, चहा पाजला. मग त्याची मोटार अजून पाण्याच्या कडेलाच आहे हे विठाबाईला आठवलं, आणि चौघांनी मिळून आधी ती वर ओढली. संध्याकाळच्या आत त्यानंच ट्रॅक्टरनं त्यांना दौंडला सोडलं.

पाणी उतरेपर्यंत पोपट त्यांच्याच घरी राहिला. शेजारची राजश्री विचारून गेली, "मावशी, एसटीला गर्दी होती का?" विठाबाई सांगायला बसली आणि दोन वाक्यांत थांबली. जे पाहिलं होतं ते शब्दांत घातलं की बारीक होत होतं. ज्ञानदेवनं तर तो विषयच काढला नाही. फक्त सकाळ झाली की छत्री घेऊन तो नदीवर जायचा, काठावर उभा राहायचा आणि परत यायचा. काय बघितलं म्हटलं तर, "पाणी."

मग आभाळ उघडलं आणि पोपट होडी घेऊन खाली गेला. काही दिवसांनी त्याचा फोन आला.

"आक्का, हितं खानोट्याच्या काठाला जलपर्णीचं मोठं बेट लागलंय. वर कुरव हाईत. बारकी बी हाईत, चोच अजून काळपट हाय त्यांची."

ज्ञानदेवनं तिच्या हातातून फोन घेतला. "आपलीच का रं?"

"कसं सांगू दाजी. कुरव लय असत्यात हितं."

"बरं. उडत्यात का पण?"

पलीकडं पाण्यात पावलं वाजली. पोपट बहुतेक बघत असावा.

"दोन पंख मारून बघत्यात नुसती. थांबा... थांबा... त्यातलं एक उठलं बघा. पडलं न्हाई. गेलं पाण्यावरनं."

ज्ञानदेवनं फोन विठाबाईला दिला नाही. कानाला लावून तसाच उभा राहिला. पोपट बोलायचा थांबल्यावर फोनमधून वाऱ्याचा आणि त्या पाखरांचा गलका येत होता. तो ऐकायला विठाबाईनं आपलं डोकं त्याच्या डोक्याला टेकवलं.